महिलांवरील लैंगिक हिंसाचार: किती घडतो, किती नोंदवला जातो आणि रुग्णालयात कोणती मदत मिळते?

लैंगिक हिंसाचाराची बातमी आली की चर्चा होते ती पोलिस, न्यायालय आणि शिक्षेची. पण अशा बहुतेक घटना पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत. अनेक स्त्रिया त्याबद्दल आयुष्यभर कोणाशीही बोलत नाहीत. काही जणी दवाखान्यात येतात, पण वेगळ्याच तक्रारी घेऊन: ओटीपोटात दुखते, झोप लागत नाही, अंगावरून पांढरे जाते.

या लेखात तीन गोष्टी समजून घेऊ. हा प्रश्न नेमका किती मोठा आहे, त्याची नोंद इतकी कमी का होते आणि असे काही घडल्यास रुग्णालयात कोणते उपचार व कोणते हक्क मिळतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. पोलिसांत तक्रार करायची की नाही हे नंतरही ठरवता येते. गर्भधारणा किंवा एचआयव्ही टाळण्याच्या औषधांना मात्र वेळेची मर्यादा असते. म्हणून आधी रुग्णालय गाठावे, बाकीचे निर्णय नंतर.

लैंगिक हिंसाचार म्हणजे काय?

संमतीशिवाय केलेली कोणतीही लैंगिक कृती म्हणजे लैंगिक हिंसाचार. त्यात बलात्कार येतो. नको असताना स्पर्श करणे, कपडे काढायला लावणे, अश्लील चित्रे पाहायला भाग पाडणे, धमकी देऊन किंवा नशेत ठेवून संबंध ठेवणे हेही त्यात येते. नवऱ्याने पत्नीच्या इच्छेविरुद्ध जबरदस्तीने ठेवलेले संबंधही वैद्यकीय दृष्टीने हिंसाचारच आहेत. शरीरावर आणि मनावर होणारा परिणाम करणाऱ्याशी असलेल्या नात्याने कमी होत नाही.

संमती म्हणजे स्वतःच्या इच्छेने, समजून-उमजून दिलेला होकार. गप्प राहणे किंवा प्रतिकार न करणे म्हणजे होकार नव्हे. बलात्काराच्या व्याख्येतही कायद्याने हे स्पष्ट केले आहे: केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येत नाही.

प्रमाण किती आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, जगातील १५ वर्षांवरील साधारण ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, अथवा इतर कोणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. म्हणजे जवळजवळ तीनपैकी एक.

भारतात याची माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून मिळते. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील सुमारे ६ टक्के स्त्रियांनी आपल्यावर कधीतरी लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. शारीरिक हिंसा सोसलेल्यांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. महाराष्ट्रात विवाहित (किंवा पूर्वी विवाहित असलेल्या) स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले, म्हणजे दर चौघींत एक.

हे आकडेही कमीच असण्याची शक्यता आहे. या सर्वेक्षणात एका घरातील एकाच स्त्रीला हिंसेबद्दल प्रश्न विचारले जातात आणि तेही एकांत मिळाला तरच. तरीसुद्धा घरात आलेल्या अनोळखी व्यक्तीला अशी गोष्ट सांगणे सोपे नसते.

नोंदलेले गुन्हे आणि घडलेल्या घटना यांत फरक का?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी जे आकडे देतो, ते पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे २,९०० महाराष्ट्रातील होते. लहान मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांची ‘पॉक्सो’ कायद्याखालील आकडेवारी वेगळी दिली जाते.

हे आकडे आणि सर्वेक्षणातील टक्केवारी यांची थेट वजाबाकी करता येत नाही. सर्वेक्षणात आयुष्यात कधीही झालेली हिंसा मोजली जाते, पोलिसांच्या नोंदीत त्या वर्षी दाखल झालेले गुन्हे. शिवाय नवऱ्याने केलेली लैंगिक हिंसा सर्वेक्षणात येते, बलात्काराच्या नोंदीत सहसा येत नाही. पण दोन्हींकडे एकत्र पाहिले की सोसणाऱ्या खूप आणि नोंदवणाऱ्या फार थोड्या, हे चित्र स्पष्ट दिसते.

त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांना विचारले होते की तुम्ही कोणाकडे मदत मागितली का? फक्त १४ टक्के जणींनी मदत मागितली होती. सुमारे ७७ टक्के जणींनी मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. ज्यांनी मदत मागितली त्यांच्यातही बहुतेकींनी आधी माहेरच्या माणसांना गाठले. पोलिस, डॉक्टर किंवा वकील यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या फार थोड्या.

यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. गुन्ह्यांचा आकडा वाढला म्हणजे अत्याचार तेवढेच वाढले असे नेहमी नसते. २०१२ मध्ये देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले होते. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर देशभर आंदोलने झाली, कायदा बदलला आणि बोलण्याचे धाडस वाढले. २०१३ मध्ये हा आकडा ३३,७०७ झाला. कायद्यातील व्याख्याही त्या वर्षी व्यापक झाली होती. पण एका वर्षात झालेल्या एवढ्या वाढीत तक्रार करायला पुढे येणाऱ्या स्त्रियांचा वाटा मोठा असणार. म्हणून एखाद्या जिल्ह्यात नोंदी कमी आहेत एवढ्यावरून तो जिल्हा सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढू नये. तिथे बोलणे अधिक कठीण असेल, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

अत्याचार करणारा कोण असतो?

अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस, हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. आकडे वेगळे सांगतात. २०२१ मध्ये नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी स्त्रीच्या ओळखीचा होता: घरातील व्यक्ती, नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक किंवा लग्नाचे वचन देणारा. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लैंगिक हिंसा सोसलेल्या विवाहित स्त्रियांपैकी दहांत आठहून अधिक जणींनी सध्याच्या नवऱ्याचे नाव घेतले.

नोंद कमी का होते याचे निम्मे उत्तर इथेच आहे. अनोळखी माणसाविरुद्ध तक्रार करणे एक आणि ज्याच्या घरात राहायचे, ज्याच्या कमाईवर मुलांची शाळा चालते, ज्याच्याशी रोज शेजारीपाजारी भेट होते त्याच्याविरुद्ध करणे वेगळे.

स्त्रिया का सांगत नाहीत?

• ‘लोक काय म्हणतील’ ही भीती. आपल्याकडे अत्याचाराचा डाग करणाऱ्यावर नव्हे, सोसणारीवर लावला जातो. मुलीचे लग्न कसे होईल, लहान बहिणीचे काय, या चिंतेने घरचेच गप्प बसवतात.
• स्वतःलाच दोष देणे. ‘मी तिथे गेलेच का’, ‘मी ओरडले का नाही’ असे प्रश्न बहुतेकींना छळतात.
• बदल्याची धमकी. फोटो किंवा व्हिडिओ पसरवण्याची भीती दाखवली जाते.
• आर्थिक अवलंबित्व. घर सोडून जायचे कुठे, हा प्रश्न खरा असतो.
• यंत्रणेबद्दल अविश्वास. तेच तेच पुन्हा सांगावे लागेल, तपासणीत अपमान होईल, खटला वर्षानुवर्षे चालेल ही शंका निराधार नाही. देशात निकाल लागलेल्या बलात्काराच्या खटल्यांपैकी अलीकडच्या वर्षांत साधारण चारपैकी एकापेक्षा थोड्याच अधिक खटल्यांत शिक्षा झाली आहे.
• शब्दच नसणे. लग्नातील जबरदस्तीला ‘हिंसा’ म्हणतात हेच अनेकींना माहीत नसते. ‘ते तर असतंच’ असे समजून त्या सोसत राहतात.

शरीराच्या या भागाबद्दल न बोलण्याची सवय किती खोल आहे, हे गडचिरोलीतील एका जुन्या अभ्यासातून कळते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार होते. पण पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. जिथे साधा आजारही सांगितला जात नाही, तिथे अत्याचार सांगणे किती अवघड असेल याची कल्पना यावी.

न सांगितलेली हिंसा दवाखान्यात कशी दिसते?

पुढील तक्रारी इतर अनेक कारणांनीही होतात. पण त्या पुन्हा पुन्हा होत असतील, तपासण्या सामान्य येत असतील आणि उपचारांनी आराम पडत नसेल, तर त्यामागे हिंसाचार आहे का याचा विचार डॉक्टरांनी आणि घरच्यांनी करावा:

• ओटीपोटात किंवा कंबरेत दीर्घकाळ दुखणे, संबंधांच्या वेळी वेदना
• वारंवार लघवीचा संसर्ग किंवा पांढरे जाणे
• नको असलेली गर्भधारणा, वारंवार गर्भपात
• झोप न लागणे, दचकून जागे होणे, छातीत धडधडणे
• डोकेदुखी, थकवा, भूक मंदावणे
• जखमेचे कारण आणि जखम यांचा मेळ न बसणे
• सोबत आलेली व्यक्ती तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू न देणे

तुम्ही स्वतः रुग्ण असाल तर ‘मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे’ असे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. यासाठी कारण द्यावे लागत नाही.

घटना नुकतीच घडली असेल तर: वेळेला महत्त्व आहे

जवळच्या ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा किंवा महापालिका रुग्णालयात जा. खासगी रुग्णालय जवळ असेल तर तिथे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार बलात्कारपीडित व्यक्तीला सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब आणि मोफत प्रथमोपचार किंवा उपचार दिलेच पाहिजेत. ‘आधी पोलिसांत जा, मग या’ असे सांगून परत पाठवणे बेकायदेशीर आहे. उपचार नाकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे.

*गर्भधारणा टाळणे.* लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर घेतली जाईल तितकी ती अधिक उपयोगी पडते. उशीर झाला असेल तरी डॉक्टरांना विचारा, कारण पाचव्या दिवसापर्यंत तांबी बसवण्याचा पर्याय असतो.

*एचआयव्ही टाळणे.* ही औषधे शक्य तर पहिल्या दोन तासांत आणि काही झाले तरी ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती २८ दिवस न चुकता घ्यायची असतात. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळतात. मळमळ झाली म्हणून मध्येच बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

*इतर संसर्ग.* गुप्तरोग टाळण्यासाठी प्रतिजैविके, हिपॅटायटिस-बी ची लस आणि जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते.

*जखमांवर उपचार.* रक्तस्राव, पोटात तीव्र दुखणे, गळा दाबला गेला असणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही असेल तर तातडीने जा. गळा दाबल्याच्या खुणा बाहेरून दिसत नसल्या तरी आतील इजा धोकादायक असू शकते.

*पुन्हा तपासणी.* पाळी चुकली तर गर्भचाचणी करा. एचआयव्ही आणि इतर तपासण्या ठरावीक अंतराने पुन्हा कराव्या लागतात. त्या तारखा केस पेपरवर लिहून घ्या.

पुराव्यासाठी काय जपावे?

शक्य असेल तर तपासणीपूर्वी आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. कपडे बदलले असतील तर ते कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा धरतो आणि पुरावा खराब होतो. शरीरावरील पुरावा साधारण चार दिवसांपर्यंत, म्हणजे ९६ तासांपर्यंत, मिळू शकतो.

पण आंघोळ झाली, कपडे धुतले, आठवडा उलटला म्हणून रुग्णालयात जायचे टाळू नका. उपचारांची गरज तरीही असते. झालेली हकीकत आणि तब्येतीची नोंद हाही पुरावाच असतो.

तपासणीत काय होते? काय होऊ नये?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये अशा तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांनुसार:

• तपासणीपूर्वी प्रत्येक टप्पा समजावून सांगून संमती घ्यावी लागते. उपचार, तपासणी आणि पुरावे गोळा करणे या तिन्हींना वेगवेगळी संमती देता येते किंवा नाकारता येते. तपासणीला नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.
• तपासणी खासगी जागेत व्हावी, शक्यतो महिला डॉक्टरांनी करावी. महिला डॉक्टर नसतील तर स्त्री कर्मचारी सोबत असावी. तपासणीच्या वेळी पोलिसांनी खोलीत थांबू नये.
• विश्वासातील व्यक्तीला सोबत ठेवता येते.
• तपासणीच्या अहवालाची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्या.

‘दोन बोटांची चाचणी’ पूर्णपणे चुकीची आणि निषिद्ध आहे. स्त्रीला लैंगिक संबंधांची सवय आहे का, हे पाहण्याच्या नावाखाली ती केली जात असे. तिला कोणताही वैद्यकीय आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ती करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल, असेही स्पष्ट केले. कोणी ही चाचणी करू पाहिले तर नकार द्या.

‘अंगावर जखमा नाहीत, मग बलात्कार कसा?’

हा प्रश्न घरचे विचारतात, शेजारी विचारतात, पूर्वी न्यायालयेही विचारत. १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलिस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना निर्दोष सोडताना, तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या हे एक कारण दिले. त्या निकालाविरुद्ध कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रियांनी निदर्शने केली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

वैद्यकशास्त्र याबाबत स्पष्ट आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरावर किंवा जननेंद्रियांवर दिसेल अशी जखम नसते. धमकी, चाकूचा धाक, नशा किंवा विश्वासातील माणूस असेल तर प्रतिकार होतच नाही. अतिशय भीतीच्या क्षणी शरीर गोठून जाते. हात-पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. ही मेंदूची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, निर्णय नव्हे. त्यामुळे वैद्यकीय अहवालात ‘जखम आढळली नाही’ असे असले तरी त्याचा अर्थ ‘अत्याचार झाला नाही’ असा होत नाही.

आठवणींचेही असेच आहे. घटनाक्रम मागेपुढे होणे, काही भाग आठवतच नसणे, एखादा वास किंवा आवाज मात्र स्पष्ट आठवणे हे आघातानंतर सामान्य आहे. त्यावरून ती खोटे बोलते असे समजू नये.

पोलिसांत तक्रार: कधी आणि कशी?

बलात्काराच्या घटनेत पोलिसांना कळवणे ही रुग्णालयाची कायदेशीर जबाबदारी आहे. पण सज्ञान स्त्रीने जबाब द्यायचा की नाही, हा तिचा निर्णय असतो. तिला तक्रार करायची नसेल तर तसा नकार लिहून घेतला जातो आणि उपचार सुरू राहतात.

तक्रार करायची ठरवली तर हे माहीत असू द्या:

• कोणत्याही पोलिस ठाण्यात तक्रार देता येते. हद्द कोणतीही असली तरी ‘झिरो एफआयआर’ नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.
• पीडित महिलेचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. तिला अपंगत्व असेल तर तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, गरज असल्यास दुभाषकाच्या मदतीने घ्यायचा असतो.
• एफआयआरची प्रत मोफत मिळते.
• गुन्हा नोंदवायला नकार देणारा पोलिस अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र ठरतो.
• बलात्काराची तक्रार करायला कायद्याने मुदत घातलेली नाही. उशिरा केलेली तक्रारही नोंदवावी लागते. मात्र उशिराचे कारण स्पष्ट सांगावे.
• पीडित महिलेची ओळख उघड करणे गुन्हा आहे. व्हॉट्सअॅपवर नाव किंवा फोटो पुढे पाठवणेही त्यात येते.
• स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत आणि पुनर्वसनासाठी त्याच कार्यालयात अर्ज करता येतो.

अत्याचार करणारा नवरा असेल तर?

सज्ञान पत्नीशी नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला भारतीय कायद्यात अजून बलात्कार मानले जात नाही. पण याचा अर्थ कोणताच मार्ग नाही असा नव्हे.

• कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मध्ये लैंगिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे. संरक्षण आदेश, राहत्या घराचा हक्क आणि खर्च मागता येतो. यासाठी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते.
• पती-पत्नी वेगळे राहत असताना केलेली जबरदस्ती हा गुन्हा आहे.
• गर्भपाताच्या कायद्यात लैंगिक अत्याचारातून राहिलेला गर्भ २४ आठवड्यांपर्यंत काढता येतो. २० ते २४ आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांचे मत लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीपुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही धरला जाईल असा निर्णय दिला. यासाठी गुन्हा नोंदवलेला असण्याची अट नाही. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही लागत नाही.

मुलगी १८ वर्षांखालील असेल तर

पॉक्सो कायद्यानुसार अशा घटनेची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. डॉक्टर, शिक्षक आणि पालकांनाही हे लागू होते. डॉक्टर ही गोष्ट गुप्त ठेवू शकत नाहीत, हे मुलीला आणि पालकांना आधी शांतपणे सांगायला हवे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरांनी, पालक किंवा तिच्या विश्वासातील व्यक्तीसमोर करायची असते. तपासणीआधीही उपचार सुरू करता येतात.

मनावर होणारे परिणाम

पहिल्या काही आठवड्यांत भीती, रडू येणे, सुन्नपणा, चिडचिड, घटना पुन्हा डोळ्यांसमोर येणे हे बहुतेकींना होते. कोणी अगदी शांत दिसते, हसतेही. तीही आघाताचीच एक प्रतिक्रिया असते. आधार मिळाला तर अनेकींची लक्षणे हळूहळू कमी होतात.

महिनाभरानंतरही वाईट स्वप्ने, ती जागा किंवा माणसे टाळणे, सतत सावध राहणे, निराशा, कामात लक्ष न लागणे टिकून राहिले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. समुपदेशन आणि गरज असल्यास औषधे यांनी चांगला फरक पडतो. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

मुंबईत सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. हिंसा सोसणाऱ्या स्त्रीला रुग्णालयातच समुपदेशन मिळावे, हा त्यामागचा विचार होता. नंतर अशी केंद्रे इतर रुग्णालयांतही सुरू झाली. तुमच्या रुग्णालयात समाजसेवा विभाग किंवा समुपदेशक असेल तर चौकशी करा.

घरच्यांनी काय करावे?

अत्याचाराबद्दल ती सर्वांत आधी ज्या व्यक्तीला सांगते, त्या व्यक्तीच्या उत्तरावर पुढचे बरेच अवलंबून असते. ‘आधी का नाही सांगितलंस?’ एवढा एक प्रश्नही तिला कायमचे गप्प करू शकतो.

• ऐका. तपशील खोदून विचारू नका.
• ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही’ हे स्पष्ट शब्दांत म्हणा.
• रुग्णालयात सोबत जा. बाहेर बसून राहणेही मोठा आधार असतो.
• तक्रारीचा निर्णय सज्ञान स्त्रीवर सोडा. घराण्याच्या अब्रूसाठी तो दाबू नका आणि रागाच्या भरात लादूही नका.
• गावबैठकीत तडजोड किंवा आरोपीशी लग्न लावून देणे हा उपाय नाही. त्यामुळे अत्याचार पुढे चालू राहण्याचा धोका असतो.
• नातेवाइकांत चर्चा करू नका. कोणाला सांगायचे ते तिने ठरवावे.
• पुढच्या तपासण्यांच्या तारखा आणि २८ दिवसांची औषधे लक्षात ठेवायला मदत करा.

मदतीसाठी क्रमांक

• ११२: पोलिस व आपत्कालीन मदत
• १८१: महिला हेल्पलाइन
• १०९८: मुलांसाठी चाइल्डलाइन
• १४४१६: टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी
• १५१००: मोफत कायदेशीर मदत

याशिवाय ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, समुपदेशन, पोलिस व कायदेशीर मदत आणि तात्पुरता निवारा यांची सोय एकाच ठिकाणी असते. १८१ वर फोन करून जवळच्या केंद्राचा पत्ता विचारता येतो.

लक्षात ठेवा

• लैंगिक हिंसाचार बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून होतो आणि बहुतेक वेळा सांगितला जात नाही.
• पहिले ७२ तास महत्त्वाचे आहेत, पण उशीर झाला तरी रुग्णालयात या.
• उपचार मोफत आहेत आणि त्यासाठी आधी पोलिस तक्रार लागत नाही.
• जखम नसणे म्हणजे संमती नव्हे.
• घटना जुनी असली, करणारा नवरा असला, तरी डॉक्टरांना सांगता येते. सांगितल्यावरच पोटदुखी किंवा निद्रानाशाच्या मुळाशी जाऊन उपचार करता येतात.

या लेखातील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधे आणि तपासण्या आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. कायदेशीर बाबींसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत घ्यावी.